चिऱ्याच्या घराचे जलरंगी चित्र: ब्लेंडर आणि क्रिटा या जोडीचे परीक्षण

आराखडा अजून पक्का व्हायचा असताना घरमालकासमोर छायाचित्रासारखे हुबेहूब रेंडर, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने तयार केलेले चित्र, ठेवले, की बोलणे पडवीच्या रुंदीवर न होता फरशीच्या छटेवर आणि कठड्याच्या नक्षीवर होऊ लागते. जे ठरलेलेच नाही ते ठरल्यासारखे दिसते, हा त्या चित्राचा मोठा दोष आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या एका घराचे काम माझ्याकडे आले, तेव्हा चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, तीन बाजूंनी पडवी आणि पुढे मोठे खळे अशी रचना त्या कुटुंबाला दाखवायची होती आणि ती जलरंगातल्या चित्राने दाखवावी, असे मला वाटत होते. मॉडेल संगणकावर तयार होते. त्यावरून चित्र करण्यासाठी मी त्रिमितीय मॉडेलचे ब्लेंडर आणि चित्र रंगवण्याचे क्रिटा ही दोन विनामूल्य साधने जोडीने वापरली आणि पुढच्या कामांतही तीच वापरत राहिलो.

या पद्धतीमागची कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या मार्टिन सेंटरमधील संशोधनातून १९९०च्या दशकात पिरानेझी नावाची प्रणाली तयार झाली. रोममधल्या भग्न वास्तूंची कोरीव मुद्राचित्रे करणाऱ्या अठराव्या शतकातल्या इटालियन कलावंताचे नाव तिला दिलेले होते. तिच्या चित्रात प्रत्येक बिंदूपाशी रंगाबरोबरच तो बिंदू डोळ्यापासून किती दूर आहे आणि कोणत्या सामग्रीचा आहे, हेही साठवलेले असे. त्यामुळे भिंतीवर कुंचला फिरवला तर रंग भिंतीपुरताच राही, पुढच्या खांबावर चढत नसे. ब्लेंडरमधून हीच माहिती आपल्याला स्वतंत्र थरांच्या रूपात काढता येते. ते थर क्रिटात नेऊन जुळवण्याची मेहनत मात्र आपल्याला करावी लागते आणि पहिल्या दोन-तीन चित्रांत ती बरीच जाणवते.

सुरुवात रेषेपासून होते. ब्लेंडरमध्ये फ्रीस्टाइल नावाचे रेषा काढणारे साधन २०१३ सालच्या २.६७ या आवृत्तीपासून अंतर्भूत आहे आणि माझ्या मते या सबंध जोडीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. मॉडेलची बाह्यरेषा, कडा, दोन सामग्री जिथे मिळतात ती सीमा, अशा प्रकारांतून आपल्याला हव्या त्याच रेषा निवडता येतात आणि प्रत्येक प्रकाराला वेगळी जाडी देता येते. त्यातल्या बॅकबोन स्ट्रेचर या पर्यायाने रेषा आपल्या टोकापलीकडे थोडी वाढते, म्हणजे कोपऱ्यात दोन रेषा एकमेकींना ओलांडून जातात. ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलीने काम केलेल्या कोणालाही ही सवय ओळखीची वाटेल. पर्लिन नॉइज या पर्यायाने रेषेला किंचित थरथर येते. ती अगदी थोडी ठेवावी, कारण जास्त झाली की भिंत डगमगल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यापासूनच्या अंतरानुसार जाडी कमी करणारा पर्याय मी प्रत्येक चित्रात वापरतो, कारण त्यामुळे पुढचा खांब ठळक राहतो आणि मागची माडी आपोआप मागे सरते.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन पृष्ठभागांमधला कोन ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तेव्हाच फ्रीस्टाइल त्या ठिकाणी कड आहे असे मानते आणि ही मर्यादा सुरुवातीला १३४.४३ अंशांवर असते. आपल्याकडच्या घरात मुख्य छपराचा उतार समजा ३५ अंशांचा आणि पडवीचा २५ अंशांचा असेल, तर दोन्ही पाखी मिळतात तिथला कोन १७० अंशांचा होतो आणि ती मोड चित्रात उमटतच नाही. पहिल्या चित्रात माझे छप्पर आढ्यापासून पागोळीपर्यंत सलग एकच पत्रा टाकल्यासारखे दिसले, त्याचे कारण हेच होते. मर्यादा वाढवली तर नको त्या शेकडो कडा जाग्या होतात. म्हणून तेवढी कड निवडून तिच्यावर फ्रीस्टाइलची खूण करणे हा योग्य उपाय आहे. तो हाताने करावा लागतो, पण मॉडेलमध्ये एकदाच.

नक्षीकामाच्या बाबतीत हे साधन कमी पडते. सरावासाठी मी पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाचे मॉडेल केले होते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास बांधवून घेतलेल्या या वाड्याच्या दर्शनी भागाची सगळी शोभा लाकडी कोरीव कामात, सुरूच्या आकाराच्या खांबांत आणि त्यांना जोडणाऱ्या कमानींत आहे. फ्रीस्टाइलने त्या कोरीव कामाची प्रत्येक कड इमानेइतबारे काढली आणि दर्शनी भागाच्या जागी काळी जाळी तयार झाली. शिवाय रेषांची आकडेमोड संपण्यासाठी बराच वेळ थांबावे लागले. वाड्यासमोर बसून स्केच करणारा माणूस एक खांब नीट काढतो, दुसऱ्यात चार खुणा करतो आणि तिसरा नुसता सुचवतो. हे तारतम्य प्रणालीत नाही. कोरीव भाग रेषेतून वगळून ते नंतर क्रिटात हाताने सुचवणे, एवढाच मार्ग मला सापडला आणि चित्र त्यानेच सुधारले.

रेषेनंतर सावली. मी सबंध मॉडेलला एकच पांढरी सामग्री देऊन केवळ ऊन-सावलीचे एक वेगळे रेंडर काढतो. ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर काढणारे इंजिन वापरताना त्यासाठी मॉडेलला हात लावावा लागत नाही, त्या थरापुरती सामग्री बदलता येते. सूर्याची जागा अक्षांश, दिनांक आणि वेळ देऊन ठरवणारे जोड-साधन उपलब्ध आहे आणि ते वापरावेच, असा माझा आग्रह आहे. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि पडवीच्या छपराची सावली भिंतीवर सरळ खाली उतरते. डिसेंबरातल्या दुपारी चारला तेच ऊन दक्षिण-पश्चिमेकडून तिरपे पडवीत शिरते. कुटुंबाला मी या दोन्ही वेळांची चित्रे दाखवली आणि पश्चिमेची पडवी दोन फुटांनी वाढवण्याचा निर्णय त्या चर्चेतून झाला. मनाने काढलेल्या सावलीवरून हा निर्णय घेता आला नसता.

बाकीचे दोन थर म्हणजे अंतर आणि सामग्री. मिस्ट या नावाने मिळणाऱ्या करड्या चित्रात जवळचे काळे आणि दूरचे पांढरे असते. ते मास्क म्हणून, म्हणजे रंग कुठे किती लागावा हे ठरवणारा साचा म्हणून, वापरले, की मागच्या नारळी-पोफळींवर हवेचा फिका निळसर पडदा चढवता येतो. क्रिप्टोमॅट या पद्धतीतून प्रत्येक वस्तूचा किंवा सामग्रीचा मास्क मिळतो आणि कडेच्या बिंदूंत दोन वस्तूंचा किती-किती वाटा आहे याचीही नोंद त्यात असल्यामुळे कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही. हे मास्क ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्येच (थर एकत्र किंवा वेगळे करण्याच्या भागात) वेगळे करून साध्या पीएनजी फाइलींच्या रूपात क्रिटात न्यावेत, असे मी सुचवीन.

क्रिटात मग रंगकाम सुरू होते. सर्वांत वर रेषा, त्याखाली मल्टिप्लाय पद्धतीने (म्हणजे खालचा रंग गडद होईल असा) लावलेला सावलीचा थर, त्याखाली रंगाचे वॉश, म्हणजे पातळ पसरट हात, आणि तळाशी कागदाचा पोत, अशी माझी रचना असते. सावली काळी न ठेवता तिला जांभळट निळा रंग दिला, की चिऱ्याचा तांबडा रंग उन्हात आल्यासारखा दिसतो. क्रिटाच्या जलरंगी कुंचल्यांचे पोत चांगले आहेत, पण पाणी खरोखर वाहत नाही. वॉश वाळताना त्याच्या कडेला रंग साठून जी गडद रेघ येते, ती इथे आपणहून येत नाही. ती वेगळी काढावी लागते. निळ्यात पिवळा मिसळला तर रंगपेटीतला ताजा हिरवा न मिळता मळकट छटा मिळते. पाण्याचे वाहणे आणि रंगद्रव्यांचे मिश्रण हेच ज्यांना हवे असेल, त्यांनी रेबेल ही सशुल्क प्रणाली पाहावी. वास्तुचित्रासाठी मला तिची गरज भासली नाही, कारण अशा चित्रात शांत, सपाट वॉशच अधिक काम करतात.

स्केचअप ही मॉडेल करण्याची दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना ही सगळी यातायात कशासाठी, असा प्रश्न पडेल, कारण तिथे रेषा वाढवणे, थरथरवणे आणि पुढच्या रेषा जाड करणे एका क्लिकमध्ये होते. झटपट चर्चेसाठी ते पुरेसे आहे. परंतु तिथली शैली सबंध चित्रावर सारखीच पसरते. दरवाजाजवळ दाट आणि कडेला विरळ, असे करण्यासाठी शेवटी चित्र दुसरीकडे न्यावेच लागते. वर्णन लिहून चित्र तयार करून देणारी नवी साधनेही मी याच मॉडेलवर वापरून पाहिली. त्यांतल्या एका चित्राने पडवीला नसलेले दोन खांब दिले आणि एक खिडकी गायब केली. चित्र देखणे होते, पण ते त्या घराचे नव्हते आणि लोक आयुष्याची पुंजी ज्या घरात घालणार आहेत त्याच्या चित्रात ही चूक मला मान्य होण्यासारखी नाही.

झाडांच्या बाबतीत माझे समाधान झालेले नाही. पानापानाचे मॉडेल केले तर फ्रीस्टाइल त्यात अडकते. म्हणून आंबा, फणस आणि खळ्यातली तुळस मी मॉडेलमध्ये साध्या ठोकळ्यांनी दाखवतो, म्हणजे त्यांची सावली योग्य जागी पडते, आणि प्रत्यक्ष झाड क्रिटात हाताने रंगवतो. त्यासाठी पेन टॅब्लेट आवश्यक आहे. माउसने हे काम होत नाही. तयार मॉडेलपासून पूर्ण चित्रापर्यंत मला आता साधारण दीड दिवस लागतो, त्यातला अर्धा दिवस झाडांचा असतो.

ज्यांचा हात खऱ्या जलरंगावर बसलेला आहे, त्यांनी क्रिटा वगळून पाहावे. फ्रीस्टाइलची रेषा फिक्या करड्या रंगात जाड जलरंगाच्या कागदावर छापावी आणि वॉश कुंचल्याने द्यावेत. छपाईची शाई पिगमेंट प्रकारची असावी, कारण डाय प्रकारची शाई पाणी लागताच पसरते, आणि ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद आपल्या प्रिंटरमधून जातो की नाही हे आधी एका तुकड्यावर तपासावे. रत्नागिरीच्या घराचे शेवटचे चित्र मी असेच केले; ते आता त्या घराच्या ओटीवर लावलेले आहे आणि त्यातली पश्चिमेची पडवी दोन फुटांनी वाढवलेली आहे.