फवारणीचा ड्रोन: आठ महिन्यांनंतर

दहा लिटर टाकीचा फवारणीचा ड्रोन घेऊन आठ महिने झाले. घेताना डोक्यात एकच होतं, वेळ वाचेल. तो वाचतोच. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी आणि निम्मा दिवस जायचा. आता दहा लिटरमध्ये सात-आठ मिनिटांत एकर उरकतो. पण खरा फायदा कळला तो पावसात.

मका छातीला लागला होता आणि झड बसली. चौथ्या दिवशी बांधावरून पाहिलं तर पानांवर बारीक पांढरट चट्टे, कुणी नखाने खरवडल्यासारखे. लष्करी अळी, नुकतीच अंड्यातून निघालेली. या वयात ती औषधाला दाद देते. एकदा मोठी होऊन पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत शिरली आणि वर विष्ठेचा भुसा साचला, की औषध तिच्यापर्यंत पोचणं अवघड. रानात पाय घातला तर पोटरीपर्यंत चिखल. वाफशाची, म्हणजे रान पाय ठेवण्याजोगं सुकण्याची वाट बघितली असती तर पोंगे गेलेच होते. सहाव्या दिवशी उघडीप मिळाली, पानं सुकली, आणि बांधावर उभं राहून दोन तासांत सगळ्या मक्यावर औषध मारलं. मक्याचं एक ताट मोडलं नाही.

मात्र थेंब नेमके कुठे पडतात, ही शंका होती. म्हणून पाणी लागलं की निळे होणारे पिवळे कागद आणून झाडाच्या शेंड्याला, मधे आणि बुडाशी टाचले. शेंड्याचा कागद निळ्या ठिपक्यांनी गच्च. मधला बरा. बुडाशी पानाच्या खालून लावलेला जवळजवळ कोराच. पंख्यांच्या वाऱ्याने पानं हलतात, औषध आत ढकललं जातं, हे खरं. दाट पिकात तो वाराही वरच अडतो. वेग कमी केला, उंची पिकापासून अडीच मीटरवर आणली, तेव्हा थोडा फरक पडला. शेंड्यावरच्या आणि पोंग्यातल्या किडीला ड्रोन, पानाखाली बसणाऱ्या पांढऱ्या माशीला पंप, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

तणनाशक मी ड्रोनने मारत नाही. थेंब इतके बारीक, की वाऱ्याची झुळूकही त्यांना बांधापलीकडे नेते, आणि पलीकडे कपाशी असली तर टू-फोर-डी या तणनाशकाचा नुसता वाससुद्धा तिची पानं आक्रसायला पुरतो. भांडण कशाला ओढवून घ्या? कीटकनाशकालाही सकाळचीच वेळ धरतो. बांधावरचं गवत डुलायला लागलं की ड्रोन खाली.

बॅटरी हे मोठं दुखणं. भरल्या टाकीने दहा मिनिटांच्या आसपास चालते, उतरवली की हाताला चटका बसेल इतकी तापलेली असते आणि गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावता येत नाही. एक जोड घेऊन काम होईल या भ्रमात राहू नका. मला चार लागतात, वर जनरेटर. हंगाम संपल्यावर मी दोन बॅटऱ्या पूर्ण भरून तीन आठवडे तशाच ठेवल्या. एक फुगली. ठेवताना अर्ध्याच भरलेल्या ठेवायच्या असतात, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, मीच विसरलो.

अंगावर औषध उडत नाही, हे सुख मोठं आहे. पण आधी दोनशे लिटरमध्ये पातळ होणारी मात्रा आता दहा लिटरमध्ये असते, म्हणजे टाकी भरताना हातात येतं ते जहाल द्रावण. हातमोजे, मास्क आता जास्त लागतात. ड्रोनने मारायला लेबलवर परवानगी आहे का, तेही पाहतो. दोन औषधं एकत्र करायची तर आधी बाटलीत मिसळून अर्धा तास ठेवतो. एकदा हा कंटाळा केला, पावडरीचा गाळ बसून एक नोझल बंद पडलं. ते कळलं आठ दिवसांनी, हिरव्या रानात खाल्लेल्या ताटांचा सरळ पट्टा दिसला तेव्हा.

विजेच्या तारेखालच्या चार सऱ्या मात्र अजून पाठीवर पंप घेऊनच माराव्या लागतात.