फॅशिओटॉमीची जखम : लेसने ओढून बंद करायची की कातडी लावायची?

बाइक घसरून गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी फाटली, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) दुसऱ्या पायाची शीर काढून जोड दिला, पाय वाचला, आणि ड्रेसिंग सोडल्यावर घरच्यांना दिसतं की पोटरी दोन्ही बाजूंनी उघडीच ठेवलीय! मुद्दामच ठेवतात ती. अडलेलं रक्त परत सुरू झालं की स्नायू सुजतात, आत प्रेशर वाढतं आणि रक्त पुन्हा अडतं, म्हणून चिरून मोकळं करतात, यालाच फॅशिओटॉमी म्हणतात. शीर कुठली वापरायची ते सर्जन ठरवतो, पण सूज उतरल्यावर जखम कशी बंद करायची ते घरच्यांनाही विचारतात, तेव्हा हे वाचून ठेवा.

शूलेस पद्धतीत दोन्ही कडांना स्टेपलरच्या पिना मारतात, त्यातून रबरासारखी दोरी बुटाच्या लेससारखी ओवतात आणि दर एक-दोन दिवसांनी बेडवरच थोडी थोडी ओढतात. ओढताना दुखतं, आधी पेनकिलर मागून घ्यायची, लाजायचं नाही. वेळ जातो, पण शेवटी एक लांब व्रण उरतो, कातडी स्वतःची, स्पर्श कळणारी. जास्त ओढली तर कड काळी पडते. आणि ओढल्यावर बोटं हलवताना जीव जाईल असं दुखलं किंवा पाय बधिर झाला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरला सांगा.

कातडी लावली की बहुतेकदा एका ऑपरेशनात काम होतं, पण मांडीवरून पातळ थर काढतात ती जागा जखमेपेक्षा जास्त झोंबते असं पुष्कळ पेशंट सांगतात. लावलेला भाग खोलगट दिसतो, घाम येत नाही, कोरडा पडतो, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) नाहीतर शेतात काम करणाऱ्याला तिथे खरचटलेलं पटकन कळतही नाही. पूर्ण भरून आल्यावर रोज खोबरेल तेल चोळायचं आणि ऊन टाळायचं.

व्हॅक मशीन म्हणजे स्पंज लावून पाणी ओढणारं, चांगलं आहे पण स्पंज दोन-तीन दिवसांनी बदलायचा, प्रायव्हेटमध्ये बिल वाढतं, आणि शिरेचा जोड उघडा असेल तर त्यावर स्पंज थेट ठेवत नाहीत, रक्तस्रावाची भीती असते.

माझं मत विचाराल तर फट रोज कमी होताना दिसतेय तोवर शूलेस. तीन-चार दिवस जागची हलली नाही तर हट्ट सोडा आणि कातडीला हो म्हणा. काहीही निवडलं तरी घोटा काटकोनात राहील असा स्प्लिंट (पायाला बांधायचा कडक आधार) पहिल्यापासून मागा, नाहीतर जखम भरते पण टाच टेकत नाही.