बार्टन स्प्रिंग्ज : सात महिन्यांनंतर (आणि गुरुवारचं काय ते)

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या स्विमिंग पूलचा पंप एप्रिलमध्ये बसला. ऑफिसच्या दारावर 'लवकरच सुरू होईल' असा कागद लागला. तो उन्हानं पिवळा पडला, पूल मात्र हिरवाच राहिला. मेल केला की एकच उत्तर, पार्टची वाट बघतोय. भाड्यात सूट? एक डॉलर नाही. शेवटी वैतागून बार्टन स्प्रिंग्जला जायला लागलो.

टेक्सासमधल्या ऑस्टिनवाल्यांना ही जागा समजावून सांगायला नको. झिल्कर पार्कमधला तीन एकरांचा उघड्यावरचा तलाव, जिवंत झऱ्यांचं पाणी, बारा महिने साधारण २० ते २१ अंश. आम्ही पडलो राउंड रॉकवाले, म्हणजे हद्दीबाहेरचे, त्यामुळे तिकीट शहरातल्यांपेक्षा महाग. वर जायचे वीस मैल, यायचे वीस मैल. म्हणून पहिल्या दिवशी पैसे वसूल झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही असं ठरवून उतरलो आणि तिसऱ्या मिनिटाला दात वाजायला लागले. मी गावाकडं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, तरीही. जूनपर्यंत मात्र चटक लागली. बाहेर ३९ अंश आणि आपण गळ्यापर्यंत गारव्यात, ह्याला तोड नाही.

आता मुख्य तक्रार. गुरुवार.

मी फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यात, काम करतो, बारा-बारा तासांच्या शिफ्ट. ह्या वर्षी माझी हमखास सुटी गुरुवारी. आणि हा तलाव साफसफाईसाठी बंद असतो तो कधी? गुरुवारी! मे महिन्यात सकाळी अकराला, टॉवेल खांद्यावर टाकून, बंद गेटसमोर उभा राहिलो तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. आठवड्याला सात दिवस असताना ह्यांना दत्ताचा वारच सापडावा? त्यानंतर ऑफिसातल्या प्रत्येकाला मी हे ऐकवलं आहे. काहींना दोनदा.

बाकीचं पटकन सांगतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं, मी एकदा सपशेल आपटलो, कोपर आठवडाभर दुखत होतं. तळ काही भागात खडकाळ आहे, खोली उडीच्या फळीकडे अठरा फुटांपर्यंत जाते, पोरांवर नजर ठेवा. लेनच्या दोऱ्या नाहीत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन आलं तरी दमछाक होते. कपडे बदलायची जागा १९४७ सालच्या इमारतीत, वर आभाळ. आत खायचं काही नेता येत नाही. जूनमध्ये आई आली होती, तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली. ते सगळं बाहेरच्या गवतावर बसून संपवलं, मग आत. तिनं फक्त पाय सोडले पाण्यात. तळाची वाळू हलताना बघत बसली आणि म्हणाली, "उमाळा आहे रे. इथं साबण लावायचा नसतो."

जुलैत एका गुरुवारी मी खुन्नस म्हणून मुद्दाम गेलो, कुंपणाबाहेरून बघायला की हे लोक करतात तरी काय. पाणी उतरवलं होतं. उथळ बाजूचा तळ उघडा पडलेला, आणि बुटातली माणसं जाड पाइपांनी शेवाळ झोडपत होती. एका पट्ट्यात फवारा गेला की हिरवं जाऊन खालचा पांढुरका रंग वर यायचा, अगदी तवा घासल्यासारखा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्या पाण्यात क्लोरीन नाही, त्यामुळे शेवाळ हातानंच काढायचं.

क्लोरीन का नाही? कारण इथल्या झऱ्यांत बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर राहतो. जेमतेम बोटभर, पालीच्या घाटाचा, मानेशी तांबूस पिसांसारखे कल्ले. १९९७ साली तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला, तेव्हापासून इथली साफसफाईसुद्धा त्याच्या तब्येतीला सांभाळून. पाणी येतं एडवर्ड्स ॲक्विफर नावाच्या जमिनीखालच्या साठ्यातून. पाऊस चुनखडीच्या भेगांतून खाली मुरतो, जमिनीखालून वाहत इथं वर येतो, म्हणून थंडी-उन्हाळा तापमान सारखंच. वरच्या बाजूला बांधकाम वाढलं की पावसाबरोबर तिथली घाण ह्याच पाण्यात यायचा धोका, म्हणून १९९२ साली लोकांनी मतदान करून बांधकामावर बंधनं आणली. त्यामुळे गुरुवारवरचा माझा राग निम्मा उतरला. निम्माच.

इतिहास वाचायला लागलो तो त्या निमित्तानं. १९१८ साली झिल्कर नावाच्या व्यापाऱ्यानं ही जागा दिली, बदल्यात शहरानं शाळांतल्या हस्तव्यवसायाच्या शिक्षणासाठी पैसे द्यायचे असा व्यवहार. धरणाच्या भिंती पुढे १९२९ च्या सुमारास आल्या. एक गोष्ट मात्र घशात अडकली. १९६० साली शाळेतल्या काळ्या मुलांना वर्गाच्या सहलीला इथं मज्जाव झाला. जोन मीन्स नावाची विद्यार्थिनी आणि तिच्यासोबतची मुलं सरळ पाण्यात उतरली. तलाव सर्वांना खुला व्हायला १९६२ उजाडलं. आपल्याकडे महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पुढचे दोन-तीन दिवस मी पोहताना गुरुवारबद्दल काही बोललो नाही.

आणि मग ऑगस्ट. बायको तिकिटाच्या रांगेत उभी, मी मागे नेहमीचं पुराण लावलेलं. तिनं पाटीकडे बोट दाखवलं. "वाच." गुरुवारी बंद : सकाळी ९ ते संध्याकाळी ७.

म्हणजे पहाटे ५ ला उघडतो, ९ पर्यंत चालू. संध्याकाळी ७ नंतर परत १० पर्यंत. चार महिने मी ज्या वाराला शिव्या घातल्या, त्या वारी सात तास तलाव उघडाच होता. "घरी जाताना सांगते," एवढंच म्हणाली. सांगितलं नाही, पण हसत होती.

आता दर गुरुवारी पहाटे साडेपाचला असतो. अंधारात पाण्यावर वाफ, दहा-बारा म्हातारे नियमित येणारे, कोणी कोणाशी बोलत नाही. शेवाळ त्या सकाळी सगळ्यात जास्त असतं, अर्थातच, आठवड्याचं साचलेलं. जुन्या चपला घालून उतरा.

काल कॉम्प्लेक्सच्या ऑफिसातून मेल आला. पूल सुरू झालाय, पण क्लोरीन जास्त पडल्यामुळे दोन दिवस कोणी उतरू नये. ऑक्टोबर संपत आला. मी भाड्यात सूट मागणारा जुना मेल परत फॉरवर्ड केला.