जुन्या डिझेल गाडीचं कूलंट: घरी बदलायचं की गॅरेजमध्ये फ्लश करायचं?

नाशिक-धुळ्याकडून इंदूरला परतताना धामनोद सोडलं की गणपती घाट लागतो, आणि जुन्या डिझेल गाडीचा खरा घाम तिथे निघतो. मे महिना, बाहेर 42-43 अंश, पुढे रांगत चाललेला ट्रॉला. टेम्परेचरचा काटा मधली खूण सोडून वर सरकला, की एसी बंद आणि काचा खाली. गेल्या उन्हाळ्यात हे माझ्या गाडीलाही झालं आणि सुदामा नगरातल्या माझ्या मावसभावाच्याही. त्याची गाडी 2011 ची, माझी 2012 ची. इंजिन दोन्हींत तेच, फियाटचं 1.3 लिटर मल्टिजेट, जे त्या काळी स्विफ्टपासून पुंतोपर्यंत बऱ्याच गाड्यांत होतं. त्याने कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गॅरेजमध्ये मशीनने फ्लश करून (आतून धुऊन) बदलून घेतलं. मी लोकमान्य नगरात घरासमोर, घमेलं घेऊन. त्यामुळे दोन्हींचं बरंवाईट जवळून बघितलंय.

निर्णय घ्यायच्या आधी एक काम करा. रात्रभर गार झालेल्या गाडीच्या कूलंटच्या टाकीचं झाकण सकाळी उघडा आणि आत बघा. गाडी गरम असताना हे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंट स्वच्छ हिरवं किंवा गुलाबी असेल तर नुसतं काढून नवीन भरणं पुरेसं आहे, फ्लशच्या नादी लागू नका. गढूळ, तांबूस असेल तर धुवावं लागेल. आणि वर तेलाचा तवंग किंवा कॉफीवरच्या फेसासारखा थर दिसला, तर घर की गॅरेज हा वादच मिटला. हेड गॅस्केट (तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनचं सील) किंवा ऑइल कूलर आधी तपासून घ्या, कूलंटचे पैसे तोवर खिशात ठेवा.

मशीनचा मोठा गुण म्हणजे ते इंजिनच्या ब्लॉकमधलं जुनं कूलंटही ढकलून बाहेर काढतं, तासाभरात. घरी रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) काढला तर निम्म्याच्या आसपास बाहेर येतं, उरलेलं ब्लॉकमध्येच बसून राहतं. म्हणून घरी फेऱ्या कराव्या लागतात: काढा, पाणी भरा, वरचा होज गरम होईपर्यंत गाडी चालू ठेवा म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडतो, मग गार होऊ द्या आणि पुन्हा काढा. एका फेरीनंतर जुनं निम्मं उरतं, दोननंतर पाव, चारनंतर सोळावा हिस्सा. मला दोन रविवार लागले. पहिल्या फेरीचं पाणी गुळाच्या चहासारखं, चौथ्याचं लिंबू-सरबतासारखं. मधला आठवडा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर फिरलो. इंदूरला पाणी गोठायची भीती नाही, पण महिनाभर असं ठेवू नये, गंज धरतो.

मावसभावाकडे काम झटपट झालं, पण मशीन लावण्याआधी मेकॅनिकने आत क्लीनर ओतलं होतं. चौथ्या दिवशी डाव्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं, गाडीत गोडसर वास. हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळत होता. मेकॅनिकला दोष देणं सोपं आहे, पण बारीक भोक बहुधा आधीच पडलेलं होतं, गाळाने बुजलेलं. क्लीनरने गाळ सोडवला आणि भोक उघडं पडलं. हीटरचे दोन होज एकमेकांना जोडून तात्पुरतं निभावलं. आपल्याकडे हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीतच, तेव्हा घाई नव्हती. पण दहा-बारा वर्षं जुनी, इतिहास ठाऊक नसलेली गाडी असेल, तर माझं मत साफ आहे: तीव्र क्लीनर नको, नुसत्या पाण्याच्या फेऱ्या बऱ्या. गॅरेजमध्येच करायचं असेल तर तसं आधी सांगा, आणि मशीनला पाणी कुठून जोडलंय तेही बघा.

कारण खरा घोळ पाण्याचा असतो. बऱ्याच ठिकाणी ‘फ्लश’ म्हणजे बोअरिंगचा पाइप रेडिएटरमध्ये खुपसणं. वर ऐकवतात, ‘अरे भिया, पानी तो पानी है।’ बोअरिंगच्या कठीण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम गरम भागांवर खर बनून बसतं, जसं गीझरच्या कॉइलवर बसतं तसंच. आरओचं पाणी पहिल्या दोन फेऱ्यांना चालेल. शेवटची फेरी आणि भरणं मात्र डिस्टिल्डनेच. चार फेऱ्यांना साधारण तीन-तीन लिटर धरा, म्हणजे बारा लिटर, वर थोडं राखीव. मजुरी वाचली तरी इथे थोडा खर्च येतो.

आता कूलंट तयार मिश्रणाचं घ्यायचं की कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं? इथे बहुतेक जण फसतात. समजा गाडीत एकूण सहा लिटर बसतं. धुऊन झाल्यावर तीन लिटर काढलं, पण ब्लॉकमध्ये तीन लिटर साधं पाणी उरलंच. वरून तीन लिटर निम्मं-निम्मं तयार मिश्रण ओतलं, तर शेवटी कूलंट उरतं फक्त पाव. तीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओतलं तर बरोबर निम्मं. म्हणजे घरी पाण्याने धुणाऱ्याने कॉन्सन्ट्रेट घ्यावं. मशीनने सगळं बदलणाऱ्याला, किंवा स्वच्छ कूलंट नुसतं काढून भरणाऱ्याला, तयार मिश्रण ठीक. निम्म्या मिश्रणाला, दाब धरणारं झाकण धड असेल तर, उकळायला 125 अंशांच्याही वर जावं लागतं. घाटात कामाला येतं ते हे. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, स्वस्तातली वस्तू आहे.

रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं, गुलाबी म्हणजे ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं, जास्त टिकणारं), असा नियम सगळ्या कंपन्या पाळत नाहीत. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बघा, डब्यावर आयएस 5759 किंवा एएसटीएम डी 3306 हे कूलंटचं मानक शोधा. जुन्या सिलिकेटवाल्या कूलंटला साधारण दोन वर्षं, ओएटीला पाचपर्यंत. दोन्ही एकत्र केली तर ओएटीचं आयुष्य घटतं, आणि काही जोड्यांचा चिकट गाळ होतो. छोट्या ग्वालटोलीत दुकानदाराने माझ्यासमोर तीन रंग मांडले आणि विचारलं, ‘कौन सा कलर दूँ?’

हवा काढायला गॅरेज सोयीचं, घरी धीर लागतो. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल, आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत टेम्परेचरच्या काट्यावर नजर. होजचे जुने क्लँप परत लावू नका. माझा एक हातातच तुटला. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नका. चवीला गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. मी बंद डब्यांत भरून गॅरेजवाल्याला दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी दोन बोटं खाली दिसली. अडकलेली हवा निघाली होती. गार गाडीत मिन-मॅक्सच्या मध्ये येईपर्यंत भरलं, पुन्हा आठवडाभराने बघितलं, तेव्हा जागची हलली नव्हती.