स्तनाचा कॅन्सर: पीडीक्यू वाचावं, एनसीसीएन वाचावं की आपलं एनसीजी?

ज्यांच्या घरात बायॉप्सीचा रिपोर्ट आधीच येऊन पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाठ म्हणजे काय, केमो म्हणजे काय, हे त्यांना एव्हाना शेजारपाजाऱ्यांनीही सांगून झालेलं असतं. प्रश्न पुढचा असतो: आता नीट वाचायचं तर कुठे? ताईच्या आजारपणात (थोरली बहीण, आजार सुरुवातीच्या टप्प्यातला) घरातलं वाचनाचं खातं माझ्याकडे होतं. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत हिशेब बघतो. त्यामुळे पुढचं सगळं एका घराच्या अनुभवापुरतं आहे असं समजूनच वाचा.

तुलनेत पाच नावं धरली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं, म्हणजे एनसीआयचं, पीडीक्यू (कॅन्सरवरच्या माहितीचं संकलन, रुग्णांसाठी वेगळं आणि डॉक्टरांसाठी वेगळं). तिथल्याच मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांनी मिळून चालवलेलं, उपचारांच्या मार्गदर्शिका काढणारं एनसीसीएन. ब्रिटनचं कॅन्सर रिसर्च यूके. ब्रेस्टकॅन्सर डॉट ऑर्ग ही अमेरिकेतल्या एका ना-नफा संस्थेची वेबसाइट. आणि टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभी राहिलेली आपली नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे एनसीजी, हे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं; तिच्याही उपचारांच्या मार्गदर्शिका आहेत. पाचही फुकट आहेत.

व्हॉट्सॲपवरचं लिंबू-सोडा आणि हळद तुलनेत नाही. यूट्यूबवरचे मराठी डॉक्टरही नाहीत, त्यातले काही फार छान समजावतात तरी. व्हिडिओ मागे-पुढे करत एक वाक्य शोधणं मला जमत नाही, आणि बोलणं नेमक्या कुठल्या प्रकारच्या कॅन्सरबद्दल चाललंय हे पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही.

कुठलंही नवं ठिकाण पारखायला मी आधी कारणांचं पान उघडतो. आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण 'कशामुळे झालं हो?' हेच विचारायचा आणि ताईला तो प्रश्न सुईपेक्षा जास्त टोचायचा. चांगलं पान इथे जपून बोलतं. वाढतं वय, पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, पाळी गेल्यावर घेतलेली हार्मोनची औषधं यांनी धोका वाढतो. बाळाला अंगावर पाजल्याने तो थोडा कमी होतो. पण धोका वाढला म्हणजे त्यामुळेच आजार झाला असं नव्हे, आणि चांगलं पान हे अंतर सोडत नाही. बीआरसीए-१, बीआरसीए-२ यांसारख्या घराण्यातून आलेल्या जनुकदोषांचा वाटा ५ ते १० टक्के. जागतिक आरोग्य संघटना तर सरळ लिहिते की जवळपास निम्म्या रुग्णांत, बाई असणं आणि वय वाढणं यापलीकडे ठळक असं कारणच दिसत नाही. हे वाक्य मी ताईच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यानंतर त्या घरात कारणांचा विषय निघाला नाही.

घट्ट ब्रा आणि डिओडरंट यांच्याबद्दल एखादं पान 'टाळलेलं बरं' असं मोघम बोलत असेल, तर ते तिथेच बंद करावं. वरच्या पाचांपैकी कॅन्सर रिसर्च यूके आणि ब्रेस्टकॅन्सर डॉट ऑर्ग या परीक्षेत उत्तम पास होतात. एनसीजी या परीक्षेला बसतच नाही, ते उपचारांपुरतं आहे.

प्रकारांपाशी आलं की यांचे स्वभाव वेगळे दिसायला लागतात. ताईच्या रिपोर्टवर होतं: इन्व्हेसिव डक्टल (दूधनलिकेत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला), ग्रेड २, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) 'टू प्लस'. हर-टूमध्ये शून्य आणि वन प्लस म्हणजे निगेटिव्ह, थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे अधांतरी. फिश नावाची पुढची तपासणी केल्याशिवाय निकाल लागत नाही. पॉझिटिव्ह निघालं तर हर-टूवर मारा करणाऱ्या ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं, साधारण वर्षभर, आणि बायोकॉनचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं, स्वस्तातलं) २०१४ पासून मिळत असलं तरी घरच्या पैशांचं गणित बदलतंच. फिशचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी ब्रेस्टकॅन्सर डॉट ऑर्गवर काढले. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ओळीने उलगडून सांगण्यात, मला वाटतं, त्याचा हात धरणारं या पाचांत कुणी नाही. (फिश निगेटिव्ह आली.)

एनसीसीएनच्या रुग्णांसाठीच्या पुस्तिकाही इथे कामाच्या. डीसीआयएस (दूधनलिकेच्या आतच राहिलेला), इन्व्हेसिव, इतरत्र पसरलेला कॅन्सर अशा वेगवेगळ्या पुस्तिका आहेत, त्यामुळे चुकीच्या टप्प्याचं वाचून घाबरणं टळतं. चित्रं आहेत, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या याद्या आहेत. ज्या घरात बाई स्वतः इंग्रजी वाचते तिथे मी आधी हीच सुचवेन. कॅन्सर रिसर्च यूकेचं इंग्रजी सगळ्यात सोपं आहे. पीडीक्यूची रुग्णांसाठीची आवृत्ती या तिघांपुढे रुक्ष वाटते.

माझं माप पीडीक्यूकडे कलंडलं ते रेडिएशनपाशी.

डॉक्टरांनी दोन वाटा ठेवल्या होत्या. स्तन राखून फक्त गाठ काढायची आणि मागाहून रेडिएशन घ्यायचं, किंवा पूर्ण स्तन काढायचा. गाठ लहान आणि काखेतल्या गाठी स्वच्छ असल्या तर दुसऱ्या वाटेवर रेडिएशन बहुतेकदा टळतं. सुरुवातीच्या आजारात दोन्ही वाटांनी जगण्याची शक्यता सारखीच राहते. मिलानचे वेरोनेसी आणि अमेरिकेतले फिशर यांच्या चाचण्यांचा २० वर्षांचा पाठपुरावा २००२ मध्ये छापून आला, तेव्हापासून त्यावर फारसा वाद उरलेला नाही. म्हणजे निर्णय राहतो तो पुढचे काही महिने कसे काढायचे याचा. आमचं गाव मराठवाड्यात, रेडिएशनचं मशीन असलेलं शहर एसटीने अडीच तासांवर, आणि भाच्याचं बारावीचं वर्ष.

ताईला तिच्या जावेने एका खासगी हॉस्पिटलचं पान पाठवलं होतं. देखणं, स्वच्छ मराठी, खाली डॉक्टरांचा फोटो. त्यात लिहिलं होतं: रेडिएशन पाच ते सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. ताईने ते वाचलं आणि म्हणाली, "काढूनच टाकू दे सगळं. दीड महिना तिथे खोली घेऊन कोण राहणार? याची परीक्षा कोण बघणार?"

मी त्या पानावर तारीख शोधत होतो. कधी लिहिलं, कधी तपासलं, कुठेच नाही. तळाशी फक्त चालू वर्ष होतं, तेही कॉपीराइटचं, जे दर जानेवारीला आपोआप बदलतं. तारीख नसलेलं व्हाउचर आमच्याकडे पास होत नाही. इथे तर त्याच्या जोरावर माझी बहीण एक अवयव काढून टाकायला निघाली होती.

पान खोटं नव्हतं. एके काळी ते बरोबरच होतं. पाच आठवड्यांत २५ वेळा हीच जुनी पद्धत. पुढे कॅनडात १६ वेळा आणि ब्रिटनच्या स्टार्ट चाचणीत तीन आठवड्यांत १५ वेळा देऊन पाहिलं, आणि आजार परतण्यात तोटा दिसला नाही. २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीने तर एका आठवड्यात पाच वेळा इथपर्यंत ते आणलं. कमी दिवसांच्या रेडिएशनचा हा विषय मला पीडीक्यूच्या डॉक्टरांसाठीच्या आवृत्तीत सापडला. पुढच्या भेटीत ताईने विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासाठी तीन आठवडे. दीड महिना कुणी सांगितलं?" ताईने स्तन राखला. तीन आठवडे ती त्या शहरात मावसबहिणीकडे राहिली.

तेव्हापासून मी कुठल्याही पानावर आधी तारीख बघतो, मग मजकूर. या कसोटीवर कॅन्सर रिसर्च यूकेही खणखणीत आहे: पान शेवटचं कधी तपासलं आणि पुढची तपासणी कधी, दोन्ही लिहिलेलं असतं. पीडीक्यू एक पाऊल पुढे जातं. वर तारीख असतेच, शिवाय डॉक्टरांसाठीच्या आवृत्तीत या वेळी काय बदललं याचा वेगळा भाग असतो. विधानामागे पुरावा किती भक्कम आहे त्याची श्रेणीही जागोजागी कंसात दिलेली असते. आणि एकाच विषयाच्या दोन आवृत्त्या असल्यामुळे सोपं वाचताना अडलं की त्याच विषयाच्या अवघड पानावर जाता येतं. रुग्णांसाठीची बरीचशी पानं, कुणाचीही असोत, नेमक्या अडचणीच्या जागी 'तुमच्या डॉक्टरांशी बोला' म्हणून थांबतात. बोलायचं असतंच. पण काय बोलायचं ते कळायला मला दुसरी आवृत्ती लागायची.

पीडीक्यूच्या उणिवाही सांगायला हव्यात. भाषा कोरडी, पानं लांबलचक. खर्चाच्या अंदाजासाठी तिथे जाऊ नये. पुढे काय होईल याची आकडेवारी असलेला भाग रात्री अकरानंतर उघडू नये, आणि रुग्णाच्या हातात तर मुळीच देऊ नये. शिवाय त्यातला बहुतेक पुरावा अमेरिका-युरोपातला आहे. आपल्याकडे हा आजार सरासरी दहा वर्षं आधी गाठतो. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह) प्रकार पाश्चात्त्य देशांत १० ते १५ टक्के असतो, भारतातल्या अभ्यासांत त्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास दिसतं. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या; त्यांतल्या कितीजणींना अमेरिकेतल्यासारखी सगळी तपासणी परवडली असेल?

इथे एनसीजी उपयोगी पडतं. ते वाचायला बसू नका. डॉक्टरांसाठीचं आहे, चौकटी आणि बाण, सलग वाक्य सापडायची मारामार. पण त्यात उपचारांचे तीन गट केलेले आहेत: इसेन्शियल, ऑप्टिमल, ऑप्शनल. म्हणजे व्हायलाच हवं ते, शक्य असेल तर करावं ते, आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते. अमेरिकी पानांवर हा फरक सहसा दिसत नाही, कारण पैसे संपतात हे गृहीतच धरलेलं नसतं. एखादी महागडी तपासणी सुचवली गेली की आम्ही नम्रपणे विचारायचो, "डॉक्टर, ही एनसीजीच्या कुठल्या गटात बसते?" कुणी रागावलं नाही. उलट एकदा डॉक्टर हसले आणि खुर्ची पुढे ओढून दहा मिनिटं जास्त बोलले. महात्मा फुले योजनेत काय बसतं हे मात्र हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडूनच कळतं, या पाचांपैकी कुणाकडून नाही.

घरातल्या बाकीच्या बायकांनी काय करायचं, यातही आपल्याकडचं वाचलेलं बरं. अमेरिकेची सध्याची शिफारस चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हाताने केलेली स्तनतपासणी आहे. आता ही म्हणजे गरिबाघरची तडजोड असं मला वाटायचं. पण टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर बायकांवर २० वर्षं चालवलेल्या चाचणीत हीच तपासणी आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. वहिनी आता पंचावन्नच्या आहेत. आमच्या तालुक्यात मॅमोग्राफी नाही, पण तपासणारा हात आहे.

एकंदरीत, सुरुवातीच्या टप्प्यातला आजार असेल आणि घरात कुणीतरी इंग्रजी नेटाने वाचणारं असेल, तर मी पीडीक्यूकडे झुकेन आणि एनसीजी डॉक्टरांच्या भेटीला बरोबर नेईन. वाचणारं कुणी नसेल, किंवा रुग्ण स्वतःच वाचणार असेल, तर एनसीसीएनची पुस्तिका जास्त माणुसकीची वाटेल, त्यात कमीपणा काही नाही. गरोदरपणातला किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर असेल (पुरुषांचं प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर), तर पीडीक्यूची त्यासाठी वेगळी पानं आहेत, सरळ तीच उघडा.

आजार हाडांत किंवा यकृतात पोचला असेल तर मात्र माझा क्रम बाजूला ठेवा. तिथे औषधं फार वेगाने बदलतात. आमच्यासारखं टू प्लस आणि फिश निगेटिव्ह असलं की पूर्वी हर-टूचा विषय संपायचा. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या नव्या औषधाच्या चाचणीनंतर पसरलेल्या आजारात त्याच निकालाला 'हर-टू लो' म्हणून वेगळा उपचार मिळाला. अशा घरांनी एनसीसीएनची पसरलेल्या कॅन्सरची पुस्तिका घ्यावी आणि जमलं तर फुकट नोंदणी करून डॉक्टरांसाठीचीही उघडावी. वर्षातून अनेकदा तिची नवी आवृत्ती निघते. पहिल्या पानावरचा आवृत्तीचा आकडा फाइलच्या कव्हरवर पेन्सिलने लिहून ठेवा. पेनाने नको, पुढच्या भेटीआधी तो बदललेला असू शकतो.