नाइटक्लबची आठवण: पुठ्ठ्यातला फोटो की किचेनमधला?

न्यूयॉर्कचा कोपाकबाना क्लब १९४० साली सुरू झाला. त्या काळच्या अमेरिकी नाइटक्लबांत गळ्यात जडशीळ कॅमेरा अडकवलेली ‘कॅमेरा गर्ल’ टेबलाटेबलावरून फिरायची. फ्लॅशचा बल्ब फुटल्यासारखा लखलखायचा, निगेटिव्ह क्लबातल्याच डार्करूममध्ये पळायची आणि मंडळी उठायच्या आत क्लबचं नाव छापलेल्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये कृष्णधवल प्रिंट हातात यायची.

अशा आठवणीच्या फोटोचा दुसरा प्रकार जरा गमतीचा. अंगठ्याएवढी प्लास्टिकची नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला फिल्मचा इवलासा तुकडा, आणि अडकवायला किल्ल्यांची साखळी, म्हणजे किचेन. एक डोळा मिटून, दुसऱ्याला लावून उजेडाकडे धरली की आत तुम्ही, ग्लास हातात, हसताय.

खिशात ठेवायला अर्थातच नळी बरी. पण ती एका वेळी एकालाच दिसते. दाखवायची तर हातोहात फिरवा. शिवाय रंगीत फिल्म असेल तर बऱ्याचदा रंग उडून सगळे चेहरे लालसर होतात. फोल्डरमधली कृष्णधवल प्रिंट नीट धुतली असेल तर आजही ठणठणीत असते. घाईत धुतलेली मात्र पिवळी पडते, आणि क्लबात घाई असायचीच!

जुन्या बाजारात दोन्ही समोर आले तर मी फोल्डरच उचलेन. त्यात टेबलावरचा अॅशट्रे दिसतो, मागच्या टेबलावरचा कंटाळलेला माणूस दिसतो, आणि पुठ्ठ्याच्या आत कुणीतरी पेनाने तारीख लिहिलेली सापडू शकते. नळीवर लिहायला जागाच कुठे?