इन्सब्रुकला कधी जावं: मे, सप्टेंबर, दिवाळी की डिसेंबर?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, आणि ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक 574 मीटर. हे सांगितलं की समोरचा हमखास ‘काहीतरीच काय’ म्हणतो. आल्प्समधलं शहर म्हणजे ढगात लोंबकळणारं काहीतरी, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात शहर इन नदीच्या सपाट खोऱ्यात पसरलंय आणि उत्तरेला नॉर्डकेटे डोंगराची भिंत घरांच्या पाठीमागून सरळ दोन हजार मीटरच्या वर चढलीय. दक्षिणेलाही डोंगरच, फक्त थोडे मागे सरकून बसलेले.

त्यामुळे इथे एका दिवशी दोन हवामानं असतात, खालचं आणि वरचं. जुन्या शहराला लागून असलेल्या काँग्रेस स्थानकातून हंगरबुर्गची फ्युनिक्युलर सुटते. वणीच्या सप्तशृंगी गडावरच्या ट्रॉलीची थोरली बहीण म्हणा. तिची स्थानकं झाहा हदीद यांच्या रचनेची, 2007 सालची. पुढे दोन रोपवे: पहिला झेग्रूबेपर्यंत, 1905 मीटर, दुसरा हाफेलेकारला, 2256 मीटर. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, पण चढ जवळजवळ 1700 मीटरचा, आणि खाल-वरच्या तापमानात सहज दहा अंशांचा फरक. म्हणून ‘मे महिन्यात तिथे किती थंडी असते हो?’ या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

मी मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा गेलोय. बहिणीचं कुटुंब डिसेंबरात जाऊन आलं. आता मावसभाऊ दिवाळीत जायचं म्हणतोय आणि त्याला मी फोनवर जे सांगतोय तेच इथे सविस्तर लिहितोय.

मे आणि जूनचा पहिला पंधरवडा

आपल्या घरात सहल ठरते ती शाळेच्या वेळापत्रकावर, म्हणून मे पहिला. खोऱ्यात मे सुरेख असतो. कुरणं पिवळ्या फुलांनी भरलेली, माथ्यांवर बर्फ, दुपारी पातळ स्वेटर काढून हातात घ्यावा इतकं ऊन. फोटोसाठी याहून चांगला महिना नाही.

गडबड होते ती वर गेल्यावर. आम्ही खाली मारिया तेरेसिया रस्त्यावर आइस्क्रीम खाऊन, कापडी बूट घालून हाफेलेकारला गेलो. स्थानकाबाहेर घोट्याच्या वर ओला, भुसभुशीत बर्फ. दहा मिनिटांत आईचे मोजे भिजले आणि ती स्थानकात परत येऊन बाकावर बसली ती बसलीच. तिथून डोंगराच्या अंगाने जाणाऱ्या पायवाटा बर्फाखाली, दोरी लावून बंद. दोन हजार मीटरच्या वरच्या बऱ्याच वाटा जून उजाडल्याशिवाय मोकळ्या होत नाहीत, आणि उंचावरच्या ‘ह्युटे’, म्हणजे डोंगरातली खाण्या-राहण्याची लाकडी घरं, साधारण जूनच्या मध्यापासून उघडतात. तेव्हा मे म्हणजे पाहण्याचा महिना, चालण्याचा नाही. बर्फात खेळायला मिळावं एवढीच मुलांची मागणी असेल, तर मात्र मे झकास.

सरसकट ‘मे’ म्हणणाऱ्यांचं एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. राज्य मंडळाच्या शाळा साधारण 15 जूनच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे जूनचे पहिले दहा दिवस हातात असतात. त्या दहा दिवसांत मे महिन्यापेक्षा हवा उबदार, रात्री नवाला अजून उजेड, आणि युरोपातल्या शाळांची मोठी सुट्टी लागायची असल्याने गर्दीही जुलैइतकी नाही. पाऊस मात्र वाढलेला असतो. वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पडणाऱ्या या शहरात त्याचा मोठा वाटा उन्हाळ्यातच येतो, आणि जुलै सर्वांत ओला. आता 900 मिलिमीटर हे वर्षाचं ऐकून मुंबईकर हसतील. त्यांनी हसावं, पण रोपवेचं तिकीट काढून ढगात उभं राहण्याचं दुःख मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. आणखी एक खोच: श्टुबाई हिमनदीवर 3210 मीटरचा सज्जा आहे, शहरातून बसने तासाभराच्या थोडं वर. बर्फाची खात्री हवी असेल तर तोच. पण स्कीचा हंगाम संपून उन्हाळी फेऱ्या सुरू होईपर्यंत, जूनच्या सुरुवातीला, तो रोपवे बंद असू शकतो. आरक्षणाआधी तारखा पाहाच.

जुलै-ऑगस्ट, थोडक्यात

डोंगरात चालायचं असेल तर हेच महिने, अट एकच: सकाळी सातला निघायचं. दुपारी तीन-चारला ढग उकळल्यासारखे वर येतात आणि विजा सुरू होतात. खोऱ्यात तापमान तिशीपार जातं, आणि जुन्या हॉटेलांत एसी असेलच असं नाही. आपल्याकडे ऐन पावसाळा, शाळा चालू. मुलं नसलेल्यांनी विचार करावा, बाकीच्यांनी पुढे सरकावं.

सप्टेंबरचा दुसरा अर्धा

माझं मत विचाराल तर हाच. हवा स्थिरावलेली, दुपारची वादळं ओसरलेली, वाटा कोरड्या, ह्युटे अजून उघड्या. दिवस मोठा: अखेरच्या आठवड्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी जाकीट लागतं, दुपारी शर्टावर भागतं.

शिवाय गुरं उतरण्याचा काळ. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेल्या गाई सप्टेंबरच्या मध्यापासून खाली गावात आणतात. त्याला ‘आल्मआबट्रीब’ म्हणतात. गाईंच्या डोक्यावर फुलांचे आणि फांद्यांचे उंच मुकुट, गळ्यात हातभर रुंदीच्या पट्ट्याला बांधलेल्या घंटा. आवाज आधी येतो, गाई मागून. आपला पोळा डोळ्यांसमोर उभा राहिला नाही तर नवल. उन्हाळ्यात कळपातलं एखादं जनावर दगावलं असेल, तर त्या वर्षी गाईंना सजवत नाहीत, नुसत्या उतरवतात. आम्ही पाहिला तो कळप सजलेला होता. शेवटून दुसऱ्या गाईचा मुकुट एका कानावर आला होता आणि एक म्हातारा तिच्या शेजारून चालता चालता तो सारखा नीट करत होता.

अडचण आपल्या कॅलेंडरची. 2026मध्ये गणपती 14 सप्टेंबरला बसतात आणि अनंत चतुर्दशी 25ला. विसर्जन आटोपून दुसऱ्या दिवशी विमान पकडलं तर महिन्याचे शेवटचे चार-पाच आणि ऑक्टोबरचे पहिले काही दिवस मिळतात. पितृपंधरवडा सुरू होतो हे खरं. पण तिकीट त्याआधी काढलेलं असलं की घरातले फारसे बोलत नाहीत, हा अनुभव. शाळा बुडते, हे मात्र खरंच. दहावीचं मूल घरात असेल तर हा महिना विसरा.

फ्योन: एकच वारा, दोन्ही बाजूंनी बोलणारा

इथे थोडं थांबायला हवं, कारण वसंत आणि शरद या दोन्ही ऋतूंत हा वारा बेत उधळतो. दक्षिणेला इटलीच्या सीमेवर ब्रेनर खिंड आहे, सुमारे 1370 मीटरवर. आल्प्सच्या मुख्य रांगेतली ही ठेंगणी जागा. दक्षिणेचा वारा तिथून शिरतो, विप खोऱ्यातून घसरत येतो आणि थेट इन्सब्रुकवर आदळतो. बाष्प रांगेच्या पलीकडे पडून गेलेलं असतं. उतरणारी कोरडी हवा दर 100 मीटरला एक अंश तापत जाते. महाबळेश्वरला कोसळून वाईच्या पुढे कोरडा होत जाणारा आपला पावसाळी वारा आठवा. त्याचंच हे दांडगं भावंड.

परिणाम मजेशीर. जानेवारीतही पारा अचानक पंधराच्या घरात जातो. आकाश धुतल्यासारखं, डोंगर हात लावावा इतके जवळ, वर भिंगासारखे गुळगुळीत ढग. खाली बसून कॉफी पिणाऱ्याला वाटतं, काय दिवस आहे! आणि नेमक्या त्याच दिवशी वर वारा इतका असतो की रोपवे बंद. तिथले लोक डोकेदुखीपासून भांडणापर्यंत सगळ्याचं खापर फ्योनवर फोडतात. विमानांनाही त्रास होतो. अरुंद खोऱ्यात उतरताना झोत बसतात, कधीकधी विमान म्युनिककडे वळवतात. म्हणून मी म्युनिकपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे हाच मार्ग सुचवतो. म्युनिकच्या मुख्य स्थानकातून ती दोन तासांच्या आत पोहोचवते.

यावरून माझा एक नियम ठरलाय: डोंगरासाठी एक दिवस ठरवू नका, तीन दिवसांतला एक मोकळा ठेवा. सकाळी टीव्हीवर डोंगरमाथ्यांवरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्यं लोकसंगीताच्या साथीने दाखवतात. हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत अख्खा घोळका हातात पाव धरून तीच बघत असतो. वर स्वच्छ दिसलं की पाव संपवायचा आणि सुटायचं. इन्सब्रुक कार्ड 24, 48 आणि 72 तासांचं मिळतं, त्यात नॉर्डकेटेची एक जा-ये धरलेली असते. पण ते आधी सुरू करून ढग हटायची वाट बघण्यात पैसे वाया जातात. आकाश बघा, मग कार्ड घ्या. ढगाळ दिवस हॉफकिर्षे या चर्चमधल्या 28 काळ्याशार ब्राँझ पुतळ्यांना आणि सोनेरी छपराला द्या. मुलामा दिलेल्या 2657 तांब्याच्या कौलांचं ते छप्पर पावसातही चमकतं.

दिवाळी

मावसभावाचा मुद्दा इथे येतो. दिवाळी सरकती, खोरं सरकत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा तिसऱ्या आठवड्यात दिवाळी आली तर बेत उत्तम: लार्चची झाडं, सूचीपर्णी असूनही, पिवळीधमक होऊन पानं गाळायच्या तयारीत असतात, पाऊस कमी, हॉटेलं स्वस्त. पण 2026मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तोवर लार्च बोडके झालेले, घड्याळं एक तास मागे गेलेली आणि सूर्य पावणेपाचच्या सुमारास गुडूप. नोव्हेंबरात रोपवे देखभालीसाठी बंद ठेवण्याचा तिथे शिरस्ता आहे. वरच्या ह्युटे केव्हाच मिटलेल्या. नाताळ बाजार महिन्याच्या मध्यावर उघडणार. दोन हंगामांच्या फटीत सापडलेलं शहर. मावसभावाला मी स्पष्ट सांगितलंय की त्या आठवड्यात व्हिएन्नाला जा, साल्झबुर्गला जा, इन्सब्रुक नको. 2027मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे. काठावरचा बेत, पण तेव्हा मी हो म्हणेन.

डिसेंबर

बर्फ हवा म्हणून डिसेंबर निवडणाऱ्यांनी 1964 आठवावं. त्या वर्षी इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक होतं आणि बर्फच पडेना. शेवटी लष्कराने डोंगरावरून बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला. शहरात पांढरा नाताळ मिळेलच याची खात्री कुणी देऊ नये. वर बर्फ असतो, खाली बऱ्याचदा करडा ओलेपणा. थंड हवा खोऱ्यात तळाला साचून बसली की खाली धुकं आणि वर लख्ख ऊन असंही होतं. त्या दिवशी झेग्रूबेला जाऊन खालचा ढगांचा तलाव बघणं हे हिवाळ्यातलं सर्वांत भारी दृश्य, असं बहीण अजून सांगते.

बाजारांचं गणित मात्र तिचं चुकलं. मुलांना नाताळची सुट्टी लागली, ते 25ला पोहोचले, आणि सोनेरी छपरासमोरचा मुख्य बाजार 23 डिसेंबरला आवरला होता. काही बाजार 6 जानेवारीपर्यंत चालतात, पण ज्याचे फोटो पाहून तिकीट काढलं तो नाही. शिवाय 25 आणि 26ला दुकानं बंद. नाताळ बाजारासाठी जायचं तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा, मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून किंवा शाळेत चिठ्ठी देऊन. बाजारात ‘किआखल’ मिळतो, मधे खोलगट केलेली जाड पुरीच ती; वर आंबट कोबी नाहीतर लाल बेरींचा मुरंबा. मुरंबावाला मागा.

शाकाहाऱ्यांसाठी, कुठल्याही ऋतूत: चीजचा गोळा घातलेलं सूप शाकाहारी दिसतं, पण रस्सा बहुतेक वेळा गोमांसाचा असतो. तोच गोळा सॅलडसोबत मागता येतो. चीजचे श्पेट्सले (नूडल्ससारखा प्रकार) आणि कायझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) निर्धास्त खा, फक्त श्पेट्सलेत हॅम नको असं सांगा. अंडं दोन्हींत असतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. जूनसाठी जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच कागद लावा, कारण मे महिन्याची गर्दी फेब्रुवारीपासून मुलाखतीच्या वेळा खाऊन टाकते. मावसभावाने कालच फोन करून विचारलं, ‘मग जूनचे दहा दिवस बघू का?’ मी त्याला श्टुबाईच्या तारखा बघायला सांगितल्यात.